बचावलेल्याची गोष्ट कशी वाचावी

पाचव्या मजल्यावरून पडलेलं मूल खालच्या पत्र्यावर आदळून वाचतं. बांधकामावरची सळई छातीत घुसलेला मजूर शुद्धीवर असतानाच इस्पितळात पोचतो. दरीत कोसळलेल्या गाडीतून एकटा चालक जिवंत बाहेर येतो. अशी बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत आली तरी ती हमखास वाचली जाते आणि दुसऱ्याला सांगितलीही जाते. तिचा मथळा ठरलेला असतो: ‘दैव बलवत्तर म्हणून बचावला’. डॉक्टरांनाही हे कुतूहल चुकलेलं नाही. एकेका अचाट रुग्णाची हकिगत सविस्तर लिहून ठेवायची आणि छापायची वैद्यकातली प्रथा फार जुनी आहे. या ओढीला उथळ म्हणून झटकून टाकण्याचं काही कारण नाही. आपलं शरीर किती सोसू शकतं आणि कुठे हार मानतं, हा प्रश्न प्रत्येकाच्या जिवाशी बांधलेला आहे आणि अशी घटना तो ठळकपणे समोर मांडते. मात्र ती प्रश्न मांडते, उत्तर देत नाही. बचावलेल्या माणसाची गोष्ट प्रश्न म्हणून हाती घेतली गेली, तेव्हा तिच्यामुळे असंख्य जीव वाचले. तीच गोष्ट उत्तर म्हणून सांगितली गेली, तेव्हा तिनं लोकांना फसवलं आणि जे वाचले नाहीत त्यांच्याकडे पाठ फिरवायला शिकवलं. या दोन्हींची उदाहरणं इतिहासात आहेत आणि ती शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं उदाहरण ह्यू डी हेवन या अमेरिकन माणसाचं. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिकाचं शिक्षण घेत होता. १९१७ साली सरावाच्या वेळी त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेतच टक्कर झाली. पोटातल्या अवयवांना गंभीर इजा होऊनही तो वाचला. लोक नशिबाचं नाव घेत होते, पण त्याच्या मनात घोळत राहिलं ते वेगळंच. पोटाला झालेली इजा कमरेच्या पट्ट्याच्या बकलामुळे झाली, असं त्याचं मत बनलं. म्हणजे विमान कोसळणं हे मरणाचं एक कारण झालं, आणि विमानाच्या आत माणूस कशावर आदळतो हे दुसरं. डी हेवन डॉक्टर नव्हता, तरी पुढे त्यानं उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या हकिगती गोळा केल्या आणि १९४२ मध्ये ‘वॉर मेडिसिन’ या नियतकालिकात ५० ते १५० फुटांवरून पडलेल्या आठ जणांचा अभ्यास छापला. त्यातली एक स्त्री १७व्या मजल्यावरून, १४४ फुटांवरून पडली होती. ती पडली ती पत्र्याच्या एका लांबट व्हेंटिलेटरच्या खोक्यावर, आणि ते खोकं १२ ते १८ इंच आत चेपलं. खोक्याबाहेर राहिलेल्या तिच्या हातांची हाडं मोडली, पण तिची शुद्ध हरपली नाही.

हा चमत्कार कागदावर मांडून पाहता येतो. १४४ फूट म्हणजे जवळपास ४४ मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर इतक्या उंचीवरून पडणारं शरीर खाली पोचताना ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगात असतं. हा वेग कमी करणं कुणाच्याच हाती नसतं. पण तो वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर बाकीचं सगळं ठरतं. फरसबंदीवर पडलेलं शरीर दोन-तीन सेंटिमीटरांत थांबतं आणि त्या क्षणी त्याला स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन हजार पट दाब सोसावा लागतो. त्या स्त्रीला थांबायला १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर मिळाले. तिच्या वाट्याला आलेला सरासरी दाब वजनाच्या शंभर ते दीडशे पटींवर आला आणि तोही शरीराच्या मोठ्या भागावर विभागला गेला. हाडं मोडायला तो पुरेसा होता, पण सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरताच टिकला म्हणून जीव गेला नाही. डी हेवननं यातून काढलेला निष्कर्ष साधा होता. धक्का जास्त अंतरावर, जास्त वेळेत आणि शरीराच्या जास्त भागावर पसरवता आला, तर आज जीवघेणे ठरणारे अपघात उद्या सोसण्याजोगे होतील. जे काम त्या खोक्यानं योगायोगानं केलं, ते गाडीनं आणि विमानानं रचनेतूनच करायला हवं.

पुढे कॉर्नेल विद्यापीठात त्यानं उभ्या केलेल्या संशोधन प्रकल्पात विमानांच्या आणि नंतर मोटारींच्या अपघातांच्या नोंदी पद्धतशीरपणे जमवल्या गेल्या. त्या काळी अमेरिकेत एक समज पक्का होता: अपघातात गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस सुखरूप राहतो आणि आत अडकलेला चिरडला जातो. आपल्याकडेही सीटबेल्ट न लावणारे आजवर हेच सांगतात आणि प्रत्येकाकडे त्यासाठी एक तरी खरी गोष्ट असते. ‘अमका दार उघडून बाहेर फेकला गेला, म्हणून वाचला.’ ती गोष्ट खोटी नसते. पण बाहेर फेकल्या गेलेल्या आणि आत राहिलेल्या सगळ्यांची मोजणी केली, तेव्हा फेकल्या गेलेल्यांत मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. त्यामुळे अपघातात न उघडणारी दारं, आतून मऊ आवरण घातलेला डॅशबोर्ड आणि पट्टे यांच्याकडे कारखानदारांचं लक्ष वळलं. १९५९ मध्ये व्होल्वोचा अभियंता निल्स बोलिन यानं आज आपण वापरतो तो कंबर आणि छाती दोन्ही धरून ठेवणारा पट्टा तयार केला, आणि कंपनीनं तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. दोन्हीकडे सुरुवात बचावलेल्या माणसापासूनच झाली होती. फेकला गेला म्हणून वाचला, एवढ्यावर थांबणाऱ्यांनी पट्टा काढून ठेवला, तर कसा वाचला हे विचारणाऱ्यांनी पट्टा जगभर पोचवला.

‘कसा वाचला?’ या प्रश्नाला एक जोडप्रश्न लागतो: ‘आणि कोण वाचले नाहीत?’ तो विचारला नाही तर पहिल्या प्रश्नाचं उत्तरही चुकू शकतं. १९८७ साली न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या पशुवैद्यांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी छापली. त्यातली सुमारे ९० टक्के मांजरं जगली होती, हे नवलाचं होतंच. पण त्याहून नवल म्हणजे सात मजल्यांपर्यंत उंचीबरोबर इजा वाढत गेल्या, आणि त्याहून वरून पडलेल्या मांजरांत त्या कमी दिसल्या. कमाल वेग गाठल्यावर मांजर अंग सैल सोडतं, असा खुलासा दिला गेला. तो काही अंशी बरोबर असेलही. पण जागीच मेलेलं मांजर कुणी डॉक्टरकडे नेत नाही. दहाव्या मजल्यावरून पडून मेलेली मांजरं त्या यादीत शिरलीच नसतील, तर ती यादी पडण्याविषयी सांगत नाही, फक्त दवाखान्यापर्यंत पोचण्याविषयी सांगते. माणसांच्या अपघात विभागालाही हेच लागू आहे. तिथल्या डॉक्टरांच्या स्मरणात जे अचाट रुग्ण असतात, ते मुळात रुग्णवाहिकेचा प्रवास सोसून आलेले असतात. तशाच जखमा होऊन रस्त्यावरच गेलेल्यांना त्या डॉक्टरांनी पाहिलेलंच नसतं. म्हणून ‘असे रुग्ण बरेचदा वाचतात’ हा अनुभवाचा बोल प्रामाणिक असूनही चुकीचा असू शकतो.

यादीबाहेर राहिलेली माणसं किती महत्त्वाची असतात, हे पेरूच्या जंगलातल्या एका विमान अपघातानं दाखवून दिलं. २४ डिसेंबर १९७१ रोजी लान्सा कंपनीचं विमान वादळात सापडून अ‍ॅमेझॉनच्या अरण्यावर फुटलं. १७ वर्षांची युलियाने कोपके आसनाला बांधलेल्या अवस्थेत सुमारे तीन किलोमीटर खाली आली आणि जगली. मोडलेलं गळ्याजवळचं हाड आणि अळ्या पडलेली दंडाची जखम घेऊन ती ओढ्याच्या काठाकाठानं चालत राहिली आणि अकराव्या दिवशी माणसांच्या वस्तीला लागली. तिची हिंमत आणि जंगलाची माहिती यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे. पण तिची गोष्ट सांगताना एक तपशील बहुधा गळतो. नंतर झालेल्या शोधात असं आढळलं की त्या पडण्यातून आणखीही काही प्रवासी जिवंत राहिले होते, आणि मदत वेळेवर न पोचल्यानं ते दगावले. म्हणजे ‘आकाशातून पडून एकटी वाचली’ हे वाक्य पुरतं खरं नाही. पडण्यातून अनेक जण वाचले, वाट पाहण्यातून मात्र वाचले नाहीत. एकटीच वाचली असं मानलं तर शिकण्याजोगं काही उरत नाही. इतरही वाचले होते असं कळलं की शोधमोहीम, तिचा वेग आणि तिची पद्धत यांविषयी प्रश्न विचारावेच लागतात.

आश्चर्याचा आणखी एक दोष असा की ते मूळ घटनेलाच वाकवतं. फिनिअस गेजचं नाव मानसशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू अवेळी पेटली आणि ती ठासायची लोखंडी पहार गेजच्या डाव्या गालाखालून शिरून टाळूतून बाहेर पडली. साडेतीन फुटांहून लांब, सव्वा इंच जाड, सहा किलो वजनाची पहार. काही मिनिटांतच तो बोलू लागला आणि बैलगाडीत ताठ बसून मुक्कामाच्या घरी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी पुढे कारणं शोधली: पहार टोकाशी निमुळती आणि गुळगुळीत होती, जखमेला खालून वाट राहिल्यानं पू आणि रक्त साचून राहिलं नाही, आणि मेंदूचा जो भाग गेला तो नसतानाही प्राण टिकू शकतो. शिवाय हार्लोंनी आठवडे न् आठवडे जखम साफ केली आणि साचलेला गळू फोडून पू काढला, हेही विसरता कामा नये. पण सांगण्याच्या ओघात गेज वाढत गेला. अपघातानंतर तो चिडका आणि बेभरवशाचा झाला, एवढं हार्लो लिहितात. पुढच्यांनी त्याचा दारुडा, भांडखोर, कायमचा वाया गेलेला माणूस करून टाकला. ऑस्ट्रेलियाचे अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांनी मूळ कागदपत्रं तपासली, तेव्हा यातल्या बऱ्याचशा गोष्टींना आधार सापडला नाही. उलट हा माणूस चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता. वेळापत्रक, घोडे, प्रवासी आणि परकी भाषा सांभाळण्याचं ते काम होतं. म्हणजे जखमी मेंदू कालांतरानं किती सावरू शकतो, हा गेजच्या आयुष्यातला सगळ्यांत उपयोगी धडा नाट्याच्या भरात झाकला गेला.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. एकच उदाहरण काही सिद्ध करत नाही हे खरं मानलं, तरी अशक्य मानलेली गोष्ट शक्य आहे हे तर एकच उदाहरण सिद्ध करतं. आक्षेप बरोबर आहे, आणि त्याला नॉर्वेतल्या घटनेचा भक्कम आधार आहे. २० मे १९९९ रोजी नार्विकजवळ स्कीइंग करताना ॲना बोगनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात पडून बर्फाखाली अडकली. सुमारे ४० मिनिटं ती बर्फाखालच्या हवेच्या पोकळीत श्वास घेत होती. मग हालचाल थांबली. ८० मिनिटांनी बाहेर काढलं तेव्हा हृदय बंद होतं आणि शरीराचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. सहकाऱ्यांनी छाती दाबणं थांबवलं नाही. हेलिकॉप्टरनं तिला ट्रोम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात नेलं, हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्राला जोडलं आणि रक्त शरीराबाहेर नेऊन हळूहळू गरम केलं. तिचं हृदय पुन्हा सुरू झालं. सावरायला फार काळ लागला, पण ती पुन्हा डॉक्टर म्हणून काम करू लागली. याचं महत्त्व खरं कळतं ते पुढच्या नोंदींतून. त्याच रुग्णालयानं १९८५ ते २०१३ या काळात गारठून हृदय बंद पडलेल्या ३४ जणांवर हा उपचार केला. ९ जगले, आणि ते सगळे १९९९ पासूनचे. एका रुग्णानं आशा दिली, पण ती आशा पद्धतीत उतरली म्हणून पुढचे वाचले. आणि उरलेले २५ गेले, हेही त्या रुग्णालयानं छापलं. ते आकडे दडवले असते तर जगातल्या दुसऱ्या डॉक्टरांना नेमकं काय करावं आणि कितपत भरवसा ठेवावा, हे कळलं नसतं.

शिवाय ही शक्यता कुठल्या परिस्थितीत लागू पडते, हेही कारण समजल्यावरच कळतं. बोगनहोल्मचा मेंदू प्राणवायू संपण्याआधीच इतका थंड झाला होता की त्याची गरज जवळजवळ थांबली होती. आपल्याकडच्या विहिरीत, धरणात किंवा समुद्रात बुडणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. कोमट पाण्यात मेंदूची प्राणवायूची भूक तशीच राहते आणि काही मिनिटांतच भरून न येणारं नुकसान सुरू होतं. ‘नॉर्वेत ८० मिनिटांनी जिवंत झाली’ एवढंच लक्षात ठेवून कोकणाच्या किनाऱ्यावर कुणी सावकाशीनं वागला, तर ती गोष्ट जीव घेईल. ती का घडली हे ज्याला ठाऊक आहे, तो मात्र बाहेर काढलेल्या माणसाला ताबडतोब श्वास देईल आणि छाती दाबायला लागेल.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे. आकड्यांनी कुणाचं मन हलत नाही. माणसाला धीर देते ती गोष्टच, आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना त्या धीराची गरज असते. देवाचे आभार मानणाऱ्या कुटुंबाला दाबाचं गणित ऐकवू नये, हेही मान्य. पण हा धीर एकाच बाजूचा असतो. एक वाचला ते दैवानं, असं म्हटलं की दुसरा गेला तोही दैवानंच गेला असं ठरतं. मग रस्त्याचं वळण चुकीचं होतं का, रुग्णवाहिका कधी आली, रक्त मिळालं का, हे विचारायची गरज उरत नाही. गेलेल्याच्या घरच्यांना ‘त्याची वेळ भरली होती’ एवढंच पदरात पडतं. श्रद्धा ज्याची त्याला लखलाभ असो, पण चौकशीची जागा तिला देता येणार नाही.

आणि आकड्यांतही माणसंच असतात. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं ‘क्रॅश-२’ या चाचणीचे निष्कर्ष छापले. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले २०,२११ जखमी तिच्यात सामील होते आणि त्यात भारतातली रुग्णालयंही होती. रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध निम्म्या जखमींना दिलं गेलं. ते जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीच्या संशोधनातून १९६०च्या दशकात पुढे आलं होतं. औषध न मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले आणि मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के. म्हणजे दर हजारी १५ माणसं जास्त घरी गेली. पुढच्या विश्लेषणात दिसलं की हे औषध इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तरच कामाचं. उशिरा दिलं तर अपायही होऊ शकतो. त्या १५ जणांवर कधी बातमी येणार नाही, कारण ते कोण हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही. त्यांच्या छातीतून सळई गेली नव्हती. ते साध्या अपघातात जखमी झाले, रक्त थांबलं आणि ते बरे झाले. पण वाचलेलं आयुष्य तेवढंच मोलाचं आहे, आणि वैद्यकाची खरी कमाई अशा बिनचेहऱ्याच्या माणसांत मोजावी लागते.

भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. रोजचे सरासरी ४६२. यातली बरीचशी माणसं विलक्षण जखमांनी गेलेली नाहीत. ती डोक्याला मार लागून, रक्तस्राव होऊन, वेळेवर न पोचल्यानं गेली. म्हणून पुढच्या वेळी ‘दैव बलवत्तर’ असा मथळा दिसला, तर बातमी जरूर वाचा आणि नवलही करा. त्यानंतर मात्र विचारा की तो नेमका कशामुळे वाचला, त्याच्याबरोबरचे का वाचले नाहीत, आणि यातून दुसऱ्या कुणाला काय देता येईल. सळई शरीरात रुतलेला माणूस जिवंत पोचतो, कारण बऱ्याचदा ती सळईच फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरत असते. म्हणून रुतलेली वस्तू जागेवर उपसून काढू नका. ती हलणार नाही अशी आधार देऊन ठेवा. उघड्या जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. तेव्हा थांबा आणि हात पुढे करा.